गिरणीवाला दळण घेत नाही, हा गुन्हा आहे का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असा तपशील वगळून):

मी २८ वर्षांची, पुण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. आईवडील आणि धाकटा भाऊ मराठवाड्यातल्या आमच्या गावी असतात. आम्ही बौद्ध, गावात आमची नऊ घरं. यंदा १४ एप्रिलच्या मिरवणुकीच्या रस्त्यावरून वाद झाला. १६ तारखेला रात्री गावात बैठक झाली आणि 'या घरांशी व्यवहार करील त्याला पाच हजार दंड' असा आवाजी मेसेज गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला, थोड्या वेळाने काढूनही टाकला. दुसऱ्या दिवसापासून गिरणी बंद, किराणा बंद, डेअरीवर दूध घेत नाहीत, शेताच्या वाटेवर बाभळीच्या फांद्या टाकल्या आहेत. भाऊ पोलिस ठाण्यात गेला, तर एनसी लिहून घेतली आणि दोन्हीकडच्या लोकांवर चॅप्टर केस केली. आता महिना होत आला. भाऊ म्हणतो अ‍ॅट्रॉसिटी टाकू. बाबा म्हणतात, गावात राहायचंय, मिटवून घ्या, दोन पावसाळे गेले की लोक विसरतील. मारहाण झालेली नाही, जातीवरून शिवीही कुणी दिलेली नाही. मग तक्रार केली तर 'खोटी केस' म्हणणार नाहीत का? मला तर वाटतं, सत्तर वर्षं झाली कायदे करून, उपयोग काय? त्यापेक्षा आईबाबांना पुण्याला घेऊन यावं का?

उत्तर:

तुमच्या पत्रातलं एक वाक्य आधी बाजूला काढतो. 'मारहाण झालेली नाही, जातीवरून शिवीही कुणी दिलेली नाही.' म्हणजे सांगण्यासारखा गुन्हा घडलेलाच नाही, असं तुम्ही मनात धरलंय. पोलिस ठाण्यातही बहुधा हेच धरून एनसी लिहिली गेली. पण तुमच्या घरावर जे चाललंय त्याला कायद्यात नाव आहे, व्याख्या आहे आणि शिक्षाही आहे.

अनुसूचित जाती आणि जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, म्हणजेच अ‍ॅट्रॉसिटी कायदा, १९८९ चा. त्यात २०१५ साली मोठी दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. तिने कलम ३(१)(झेडसी) आणलं: अनुसूचित जातीच्या व्यक्तीवर, कुटुंबावर किंवा गटावर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणं, किंवा घालण्याची धमकी देणं. शिक्षा किमान सहा महिने, जास्तीत जास्त पाच वर्षं, शिवाय दंड. आर्थिक बहिष्कार म्हणजे काय तेही कलम २ मध्ये लिहिलंय: व्यवहार करायला किंवा मजुरीवर काम द्यायला नकार देणं, सेवा नाकारणं, नेहमीच्या धंद्यात जे ज्या अटींवर होतं ते तसं करायला नकार देणं. दळण, किराणा, दूध हे सगळं यात बसतं. जातिवाचक अपमानाच्या कलमांना, म्हणजे ३(१)(आर) आणि (एस) यांना, 'लोकांच्या नजरेसमोर' घडलेलं असावं लागतं. बहिष्काराच्या कलमात ती अट नाही. गुपचूप ठरवलेला, शांतपणे पाळलेला बहिष्कारही गुन्हाच.

आता तुमचा मोठा प्रश्न, कायद्याचा उपयोग काय. 'कायदा चालतो की नाही' असं एकत्र विचारलं की उत्तर निराशेचंच येतं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांत अनुसूचित जातींवरचे गुन्हे २०२१ मध्ये ५०,९०० होते, २०२२ मध्ये ५७,५८२ झाले. यावरून अत्याचार वाढले की नोंद करायची हिंमत वाढली, हे कुणालाच ठामपणे सांगता येणार नाही. खैरलांजीत २००६ साली दलित कुटुंबाचं हत्याकांड घडलं, भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना खुनाबद्दल दोषी धरलं, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू होत नाही असं म्हटलं आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयानेही तो लावला नाही. खर्ड्यातल्या दलित तरुणाच्या २०१४ च्या खुनाच्या प्रकरणात साक्षीदार फितूर झाले, नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी सुटले. हे सगळं खरं आहे आणि त्याचा राग येणंही रास्त आहे. पण नीट पाहिलं तर पहिल्या ठिकाणी जातीचा हेतू न्यायालयासमोर उभा राहिला नाही, दुसऱ्या ठिकाणी साक्ष टिकली नाही. कायदा निरनिराळ्या जागी तुटतो. नोंद, कलम, तपास अधिकारी, कागद, साक्ष, जामीन या त्या जागा. तुमच्या प्रकरणात तो सध्या पहिल्याच जागी अडलाय, आणि सोडवायला सगळ्यांत सोपी तीच जागा आहे.

एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. तिच्यावर पोलिस न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास करत नाहीत, म्हणजे तुमच्या तक्रारीचा तपास आजवर सुरूच झालेला नाही. तरीही ती एनसी फाडू नका. महिनाभर उशीर का केला, असं उद्या विचारलं जाईल. तेव्हा त्या कागदावरची तारीखच सांगेल की तुम्ही वेळेत गेला होता, उशीर ठाण्यात झाला.

आता फिर्याद नव्याने, लेखी द्यायची. फिर्यादी तुम्ही होऊ नका. तुम्ही पुण्यात होता, तुमच्यासमोर काही घडलेलं नाही. आई, बाबा किंवा भाऊ, ज्याने नकार स्वतः ऐकला त्याने फिर्याद द्यावी. तुम्ही कागदपत्रांची बाजू सांभाळा, ती तुम्हाला जास्त चांगली जमेल.

फिर्यादीत 'गावाने आमच्यावर अन्याय केला' अशी वाक्यं चालत नाहीत. एक नमुना देतो: 'दि. १७ एप्रिल रोजी सकाळी नऊच्या सुमारास मी ज्वारीचा डबा घेऊन अमुक यांच्या गिरणीवर गेले असता ते म्हणाले, तुमचं दळण घ्यायचं नाही असं काल रात्री ठरलंय, घेतलं तर मला पाच हजार दंड बसंल. त्या वेळी तिथे अमुक व अमुक हजर होते. मागील बारा वर्षांपासून आम्ही याच गिरणीवर दळण दळून घेत होतो.' तारीख, वेळ, जागा, जसेच्या तसे शब्द, कोण हजर होतं, आणि आधी काय रीत होती. शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात. व्याख्येतच 'नेहमीच्या व्यवहारात' असं म्हटलंय, त्यामुळे आधी व्यवहार होता हे दाखवल्याशिवाय तो तोडला हे सिद्ध होत नाही.

इथे तुमच्या भावाचं डेअरीचं पुस्तक कामाला येईल. रोज सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट, एसएनएफ यांचे आकडे, दर दहा दिवसांनी बिल. १६ एप्रिलच्या संध्याकाळपर्यंत आकडे आहेत आणि १७ च्या सकाळपासून रकाने कोरे. त्याच केंद्रावर इतरांचं दूध त्या दिवशी घेतलं गेलं, ही नोंद संस्थेच्या रजिस्टरमध्ये असणार आणि ती जप्त करायला तपास अधिकाऱ्याला सांगता येतं. किराणा दुकानाची उधारीची वही, खात्यावर ऑनलाइन पाठवलेले पैसे, मजुरीचे हिशोब, हेही तसंच. कोऱ्या रकान्याला उलटतपासणीत फितवता येत नाही.

आवाजी मेसेज काढून टाकला म्हणून हताश होऊ नका. ग्रुपमध्ये बरीच माणसं असतील. कुणीतरी तो पुढे पाठवला असेल, कुणाच्या फोनमध्ये तो आपोआप साठला असेल. ज्याच्याकडे सापडेल त्याने तो फोन बदलू नये, फॉरमॅट करू नये, विकू नये. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली अशा पुराव्याबरोबर ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात: एक फोनधारकाने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. नुसती पेन ड्राइव्हवर घेतलेली नक्कल न्यायालयात अडते. नकाराच्या वेळी आपला माणूस स्वतः बोलत असेल तर ते बोलणं रेकॉर्ड करून ठेवावं, पण समोरच्याला डिवचून नको ते वदवून घेऊ नये. ते ऐकताना लगेच कळतं.

नावं कुणाची घालायची, यावर थोडं थांबा. रागाच्या भरात चाळीस जणांची यादी होते, कधी अख्ख्या गावाची. मग दोन गोष्टी बिघडतात. ज्याने काही केलंच नाही तो सुटतो आणि त्याच्या सुटकेने बाकीची फिर्याद संशयास्पद होते. शिवाय जो साक्षीदार होऊ शकला असता तो आरोपी होऊन बसतो. तुमच्या पत्रातला गिरणीवाला दंडाच्या भीतीने वागतोय. बहिष्कार 'घालणारे' ते, ज्यांनी बैठक बोलावली, दंड जाहीर केला, मेसेज पाठवला. त्यांची नावं स्पष्ट घ्या. गिरणीवाल्याचा नकार घटना म्हणून लिहा, त्याचे शब्द लिहा. तो आरोपी की साक्षीदार हे तपास अधिकाऱ्याला ठरवू द्या. वाटेवर फांद्या टाकताना कुणाला प्रत्यक्ष पाहिलं असेल तरच त्याचं नाव घ्या.

आणि जे घडलं नाही ते एक अक्षरही लिहू नका. तालुक्याला कुणीतरी शहाणा भेटेल आणि म्हणेल, जातिवाचक शिवीगाळ टाका, केस मजबूत होईल. ती कमजोर होते. न उच्चारलेली शिवी उलटतपासणीत पहिल्या पाच प्रश्नांत उघडी पडते आणि जाताना खरा भागही घेऊन जाते. 'खोटी केस' या आरोपाची तुम्हाला भीती वाटते, तिच्यावर इलाज हाच. फक्त बहिष्कार लिहा. तो पुरेसा आहे.

पोलिस कोणत्या कायद्याखाली नोंद करतात याकडे डोळ्यांत तेल घालून बघा, कारण चुकीचा कायदा लावणं हाही टाळण्याचा एक मार्ग आहे. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा लावला तर कलम ७ खाली शिक्षा एक ते सहा महिने आणि दंड शंभर ते पाचशे रुपये. दुसरा कायदा महाराष्ट्राचा, सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा २०१६ चा, जो जुलै २०१७ पासून लागू आहे. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध चळवळ झाली, त्यातून तो आला आणि तो फार मोलाचा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. पण तो मुख्यतः आपल्याच समाजातल्या माणसाला वाळीत टाकण्याविरुद्ध आहे आणि गुन्हा जामीनपात्र आहे. तुमच्यासाठी तो नव्हे. गिरणीवाल्याला त्याच्याच समाजाच्या पुढाऱ्यांनी वाळीत टाकायचा धाक घातला असेल, तर तो मात्र या कायद्याचा आधार घेऊ शकतो. शक्य झालं तर ही गोष्ट कुणीतरी शांतपणे त्याच्या कानावर घालावी.

फिर्याद द्यायला जाताना फिर्यादीच्या दोन प्रती, जातीच्या दाखल्याची प्रत, एनसीची प्रत, डेअरीच्या पुस्तकाच्या झेरॉक्स न्या. जातीचा दाखला फाइलला न लावल्याने आणि आरोपी अनुसूचित जाती-जमातीचे नाहीत हे कागदावर न आणल्याने खटले पडलेले आहेत. दाखला नसेल तर आजच उपविभागीय कार्यालयात अर्ज करा, पण त्यासाठी फिर्याद थांबवू नका. तो नंतरही लावता येतो.

ठाणे अंमलदार म्हणेल, 'आधी चौकशी करू.' नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तीन ते सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांत चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची सोय आहे, तिचं नाव पुढे केलं जातं. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम १८-अ स्पष्ट सांगतं की या कायद्याखाली गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशीची गरज नाही. मार्च २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अशी चौकशी आणली होती. त्यावर संसदेने त्याच वर्षी १८-अ घातलं आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. हे वादासाठी सांगत नाही. अर्जातच एक ओळ लिहा: 'कलम १८-अ प्रमाणे गुन्हा नोंदवून प्रत मिळावी.' तोंडी वादापेक्षा लिहिलेली ओळ बरी, कारण कलम ४ प्रमाणे तक्रार वाचून दाखवणं, नोंदवणं, प्रत देणं ही अधिकाऱ्याची कर्तव्यं आहेत आणि जाणूनबुजून ती टाळणाऱ्याला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. अर्थात त्याआधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते, म्हणून हे कलम रोज कुणाला लागत नाही. अर्जावर त्याचा उल्लेख असला की हात सैल होतात, एवढं खरं.

तरीही नोंद झाली नाही तर त्याच दिवशी तीच फिर्याद पोलिस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक सहायक आयुक्त, समाजकल्याण यांना. राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६ वर नोंद करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. गावचं ठाणं टाळायचं असेल तर झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात देता येते, पुण्यातही. पण फिर्यादीला तिथवर यावं लागेल. तेही जमलं नाही तर विशेष न्यायालय. तिथे थेट दखल घेण्याचा अधिकार आहे. वकिलासाठी तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, फोन १५१००. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

गुन्हा नोंदला की कॅलेंडरवर खूण करा. तपास पोलिस उपअधीक्षकाने करायचा, अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या नियम ७ प्रमाणे, आणि साठ दिवसांत दोषारोपपत्र जायला हवं. बीट हवालदार जबाब घ्यायला आला तर नम्रपणे विचारा, तपास कुणाकडे आहे. खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने तपास केला म्हणून अ‍ॅट्रॉसिटीची कलमं पडल्याची उदाहरणं आहेत. जबाब वाचून घेतल्याशिवाय सही नाही. महत्त्वाच्या साक्षीदाराचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली नोंदवा अशी लेखी मागणी करा. माणूस पुढे फितूर झाला तरी तो जबाब कागदावर राहतो.

अटकपूर्व जामिनाला अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १८ ची आडकाठी आहे, पण ती पक्की भिंत नाही. फिर्यादीवरून प्रथमदर्शनी गुन्हा दिसत नसेल तर न्यायालय जामीन देऊ शकतं. म्हणून फिर्यादीतल्या त्या नेमक्या वाक्यांवर मी एवढा वेळ घालवला. जामिनाच्या प्रत्येक सुनावणीची सूचना तुम्हाला मिळणं हा कलम १५-अ प्रमाणे हक्क आहे, म्हणणं मांडणं हाही. सूचना न देता जामीन झाला तर तेवढ्यावरून तो आव्हान देता येतो.

तपासाच्या शेवटी 'बी समरी' आली, म्हणजे फिर्याद खोटी असा अहवाल आला, तर घाबरायचं नाही. न्यायालय तुम्हाला नोटीस काढतं, त्यावर हरकतीचा अर्ज देता येतो. डेअरीचं रजिस्टर जप्तच केलं नाही, अमुक साक्षीदाराचा जबाबच घेतला नाही, असं मुद्देसूद लिहायचं.

हे सगळं वाचताना तुम्हाला वाटेल, खटला तर वर्षानुवर्षं चालेल, तोवर आईने ज्वारी कुठे दळायची? बरोबर आहे. म्हणून शिक्षेपेक्षा आधी मागायची गोष्ट वेगळी आहे. या कायद्याच्या नियमांना २०१६ मध्ये जोडलेल्या तक्त्यात बहिष्काराच्या गुन्ह्यासाठी दोन गोष्टी लिहिल्या आहेत. एक, दोषारोपपत्र पाठवल्यावर पीडिताला एक लाख रुपये. दुसरी, आणि ही जवळजवळ कुणी मागतच नाही: तोडलेल्या सगळ्या आर्थिक आणि सामाजिक सेवा इतरांच्या बरोबरीने पुन्हा सुरू करून देणं, ही शासनाची जबाबदारी. जिल्हाधिकाऱ्यांना दिलेल्या अर्जात हे वाक्य पहिलं असू द्या. सोबत यादी: गिरणी, किराणा, दूध, शेताची वाट. जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. तुमचा विषय पुढच्या बैठकीत घ्यावा असं लेखी कळवा.

काही सेवांना त्यांचे स्वतःचे मालक आहेत, तिथे वेगळा अर्ज जलद काम करतो. डेअरी सहकारी संस्था असेल तर सहायक निबंधक (दुग्ध) यांच्याकडे तक्रार. भाऊ सभासद असेल तर त्याचं दूध कारण न देता नाकारणं संस्थेला महागात पडतं. रेशन दुकान असेल तर तहसीलमधला पुरवठा विभाग. शेताच्या वाटेसाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम, कलम ५: तहसीलदार अडथळा काढून टाकायचा आदेश देऊ शकतात. यात एक मुदत आहे, अडथळा आल्यापासून सहा महिने. ती चुकली की हा सोपा रस्ता बंद आणि दिवाणी दाव्याचा लांब रस्ता उरतो. फांद्यांचा फोटो तारखेसह, सातबारा, नकाशा, शेजारच्या शेतकऱ्याचा जबाब जोडा. मृग तोंडावर आलाय, हा अर्ज सगळ्यांत आधी. पेरणीला गावातला ट्रॅक्टर येणार नसेल तर शेजारच्या गावातला ठरवा आणि त्याला जादा द्यावे लागलेले पैसे वहीत लिहा. तेही नुकसानच.

चॅप्टर केसविषयी. दोन्हीकडच्यांना सारखंच बांधून टाकण्याची ही जुनी पद्धत आहे. ती शिक्षा नाही, शांतता राखण्याचं हमीपत्र मागण्याची कारवाई आहे, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली. तारखेला जायचं. गैरहजर राहू नका, कोऱ्या बाँडवर सही करू नका. उलट तिथे लेखी म्हणणं द्या की आम्ही शांतता मोडलेली नाही, आमच्यावर १७ एप्रिलपासून बहिष्कार आहे. म्हणजे आणखी एका सरकारी फाइलमध्ये तारखेसह नोंद झाली. फिर्याद दिल्यावर उलटा गुन्हा दाखल होऊ शकतो, चोरीचा किंवा छेडछाडीचा. भावाला आताच सांगून ठेवा: एकट्याने वादाच्या ठिकाणी जायचं नाही, ग्रुपवर उत्तरं द्यायची नाहीत.

आता बाबा. त्यांचं म्हणणं मला हलकं वाटत नाही. त्या गावात त्यांचं आयुष्य गेलंय आणि उद्याही तिथेच राहायचंय. पण 'मिटवणं' आणि 'तक्रार' ही दोन टोकं आहेत असं तुम्ही तिघांनी धरलंय, ते तपासून बघा. आज तुमच्याकडे नोंदलेला गुन्हा नाही, म्हणून समोरच्यांना मिटवायची घाईही नाही. गुन्हा नोंदल्यावर जे बोलणं होतं ते बरोबरीने होतं. मिटवायचंच असेल तर आधी गिरणी, दूध, वाट सुरू झाली पाहिजे, नंतर कागद, आणि बैठक तहसीलदार किंवा प्रांतांसमोर. शंभर रुपयांच्या बाँडवर 'आमची काही तक्रार नाही' असं लिहून देऊ नका. हा गुन्हा आपसात मिटवण्याजोगा नाही, तंटामुक्त समितीलाही तो अधिकार नाही. काही खासगी स्वरूपाच्या प्रकरणांत वरची न्यायालयं समझोता पाहून खटला रद्द करतात, पण तो निर्णय न्यायालयाचा असतो. बाबांना मन होत नसेल तर त्यांना फिर्यादी करू नका. भावाने फिर्याद द्यावी, बाबा फक्त जे पाहिलं तेवढं सांगतील. साक्षीला जाण्याचा प्रवासखर्च आणि किमान वेतनाइतका भत्ता नियम ११ प्रमाणे मिळतो. मजुरी बुडते म्हणून साक्षीदार गळतात, तेव्हा आपल्या बाजूच्या प्रत्येकाला हे माहीत असू द्या.

पुण्याला आणायचं का? जिवाला धोका वाटत असेल तर आजच आणा, त्यात हार नाही. धोका नसेल तर फिर्याद आणि वाटेचा अर्ज दिल्याशिवाय घर हलवू नका, असं माझं मत आहे. घर बंद, शेत पडीक, गाईगुरं विकलेली, अशा स्थितीत 'बहिष्कार होता' हे सांगणं फार अवघड होतं. समोरचे म्हणतात, ते तर मुलीकडे राहायला गेले. आणि उरलेली आठ घरं आणखी एकटी पडतात. त्या घरांनाही प्रत्येकी वेगळी फिर्याद किंवा निदान वेगळा जबाब द्यायला सांगा, एका अर्जावर नऊ अंगठे नकोत.

इतर वाचकांसाठी एक गोष्ट. शहरात भाड्याने घर देताना आडनाव विचारून नकार मिळतो, त्याबद्दलही पत्रं येतात. तिथे कायदा खरोखरच अपुरा आहे. राज्यघटनेचं कलम १५(२) दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते यांबद्दल बोलतं, खासगी घरमालकाबद्दल नाही. एचआयव्हीबाधितांसाठीचा २०१७ चा आणि तृतीयपंथीयांसाठीचा २०१९ चा कायदा घरभाड्यातला भेदभाव स्पष्ट शब्दांत मना करतो. जात आणि धर्म यांसाठी घरभाड्याबाबत असा स्पष्ट केंद्रीय कायदा अजून झालेला नाही. तो मागायला हवा. पण जिथे कायदा नाही तिथली निराशा, जिथे कायदा आहे तिथे लावू नका. तुमच्या गावच्या गिरणीसाठी तो आहे.

भावाला आज रात्री फोन करून दोन कामं सांगा: डेअरीच्या पुस्तकाच्या प्रत्येक पानाचा फोटो तुम्हाला पाठवायचा, आणि १६ एप्रिलच्या रात्रीपासून आजपर्यंत कुणी, कुठे, कोणत्या शब्दांत नकार दिला ते आईबरोबर बसून तारीखवार वहीत लिहून काढायचं. ती वही घेऊन विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडे जा आणि फिर्याद त्यांच्याकडून एकदा तपासून घ्या. तहसीलदारांकडचा वाटेचा अर्ज त्याआधीच गेला तरी चालेल.